नमुना जपला, तरच औषध सापडेल



वनस्पतींतल्या विषाणूरोधक द्रव्यांवर बोलायला धाराशिव ही योग्य जागा आहे. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होते; इथल्या वनस्पतींवरचा डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. बालाघाटच्या या मुलखातल्या झाडाझुडपांची इतकी पक्की शास्त्रीय नोंद हाताशी असताना आपले किती शोधनिबंध तिच्यापासून सुरू होतात? फार थोडे, आणि याची मला खंत वाटते.

भुईआवळीचेच घ्या. पावसाळ्यात ती आपल्या बांधाबांधावर उगवते. काविळीवर ती देण्याची रीत जुनी आहे. १९८८ साली मद्रासचे थ्यागराजन आणि हिपॅटायटिस-बीचा विषाणू शोधणारे नोबेलविजेते ब्लुमबर्ग यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. भुईआवळी घेतलेल्या ३७ विषाणूवाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झाले होते. औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा घेतलेल्या २३ जणांपैकी केवळ एकाच्या. जगभर आशा पालवली. पण १९९० मध्ये थायलंडच्या चाचणीत हा गुण आला नाही. मग शंका निघाल्या: जात तीच होती का, माल कुठला, काढला केव्हा?

शंका रास्त होत्या. भुईआवळी म्हणून विकल्या जाणाऱ्या जुडीत एकाहून अधिक जाती असू शकतात. फांदी उलटी करून भिंगाखाली पाहा. फायलँथस अमारस या जातीचे फळ गुळगुळीत आणि बारीक देठाचे, तर फायलँथस युरिनारियाचे खरबरीत आणि जवळजवळ बिनदेठाचे. पाला वाळून त्याची पूड झाली, की हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

मलेशियातल्या सारावाकची गोष्ट याहून बोलकी आहे. आपल्या कोकणातल्या उंडीच्याच प्रजातीतल्या एका झाडाचा पाला १९८७ साली तिथून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे गेला. त्याच्या अर्कात एचआयव्ही रोखणारे द्रव्य निघाले, कॅलॅनोलाइड ए. आणखी पाला आणायला माणसे परत गेली, तर झाड तोडलेले! आसपासच्या भाईबंद झाडांत ते द्रव्य सापडेना. अखेर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांनी साथ दिली. मूळ झाडाचा नमुना जपलेला नसता, तर कोणते झाड शोधायचे हेच कळले नसते.

नमुना पक्का असला, तरी चाचणीही पक्की हवी. २०२० नंतर संगणकावरच्या डॉकिंगचे शोधनिबंध उदंड झाले. विषाणूच्या प्रथिनाच्या खाचेत रेणू बसतो, एवढेच त्यातून कळते. तो इशारा आहे, पुरावा नव्हे. पेशींवर प्रयोग केला, तरी विषाणू थांबला की पेशीच मेल्या, हे विषाणू रोखणारी आणि पेशी मारणारी अशा दोन्ही मात्रा मोजल्याशिवाय सांगता येत नाही. हळदीतले कुर्क्युमिन तर नाना चाचण्यांत गुणकारी भासते; ते अनेक प्रथिनांना सरसकट चिकटते, चाचणीतल्या प्रकाशमापनातही ढवळाढवळ करते. आणि द्रव्य हाती आले म्हणजे औषध झाले, असेही नाही. फ्लूवरचे ओसेल्टामिविर चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनवता येते, पण त्या आम्लावर बरेच रासायनिक संस्कार करावे लागतात. काळ्या मसाल्यातले चक्रीफूल खाऊन फ्लू बरा होत नाही. लोकांना हे स्पष्ट सांगणे आपले काम आहे.

जिवंत विषाणूवर काम करायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या सुरक्षित प्रयोगशाळा लागतात. त्या प्रत्येक महाविद्यालयात असणार नाहीत. वाळवून, दाबून, कागदावर टाचलेला नमुना मात्र प्रत्येक महाविद्यालयात असू शकतो. त्यावर गाव, शिवार, तारीख, फुलोऱ्याची अवस्था आणि क्रमांक हवा; ज्यांच्याकडून माहिती मिळाली, त्या वैदूंची नोंद त्यांच्या संमतीने हवी.

मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. नमुना क्रमांकाशिवाय कोणत्याही अर्काचा प्रबंध स्वीकारू नका. आणि विद्यार्थ्याने नीट काम करून ‘या वनस्पतीत विषाणूरोधक गुण आढळला नाही’ असे लिहून आणले, तर त्याला परत पाठवू नका. तो निष्कर्ष छापा.