सड्यावरचे गवत आणि गायीचे पोट

(मांडवी, रत्नागिरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून गवतावर बोलायचे, हे थोडे विचित्रच. परंतु शहराबाहेरची चढण चढून गेलो की कातळाचा सडा लागतो आणि माझा विषय तेथेच आहे.

पावसाळ्यात येथे ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सडा हिरवागार होतो, गवत गुडघ्याला लागते. ऑक्टोबरात ते फुलोऱ्यावर येते आणि लगोलग वाळते. पुढे शिमग्यापर्यंत गाय दिवसभर चरूनही खंगत जाते. गवत तर दिसते आहे, मग असे का? वाळल्या गवतात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. गायीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव गवताचा तंतू पचवतात. चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिने नसतील तर त्या जीवांचीच उपासमार होते. पचन मंदावते आणि चारा समोर असूनही गाय कमी खाते. आपला भाताचा पेंढाही याच पंक्तीतला.

कोकण कपिलेची स्वतंत्र जात म्हणून २०१८ साली राष्ट्रीय नोंद झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. दोन्हींचा मला आनंद आहे. परंतु एप्रिलमध्ये त्याच मातेच्या बरगड्या मोजता येत असतील, तर पूजेच्या ताटाआधी तिच्या गव्हाणीकडे पाहिले पाहिजे.

उणीव नत्राची आहे, मग युरिया टाकावा, असे कोणीही म्हणेल. मीही एकेकाळी म्हणत असे. परसात पाणी देऊन वाढवलेल्या नेपियरला युरिया जरूर द्या. त्याचे चीज होते. सड्यावरची माती मात्र वीतभर आणि पाऊस मुसळधार. टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा वऱ्हळातून वाहून जातो. जो उरतो त्याने गवत उंच वाढते, पण वाळल्यावर ते पुन्हा निकसच.

येथे शेंगवर्गीय वनस्पती कामास येतात. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात. स्टायलो ही त्यांतली जांभ्याच्या आम्लधर्मी, हलक्या जमिनीत तग धरणारी. तिच्या पाल्यात प्रथिने बारा टक्क्यांच्या पुढे असतात आणि शेजारचे गवत वाळले तरी ती बराच काळ हिरवी राहते. गायीने वाळल्या गवताबरोबर स्टायलोही पुरेशी खाल्ली, तर ते गवतही अधिक चांगले पचते. मात्र जांभ्याची माती स्फुरद धरून ठेवते, पिकाला देत नाही. म्हणून पेरताना स्फुरद द्यावेच लागते. तेथे काटकसर केली की स्टायलो पिवळी पडते आणि लोक बियाण्याला दोष देतात.

एकाच जातीवर भिस्त ठेवू नये. उत्तर ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल स्टायलोची विस्तीर्ण कुरणे होती. १९७०च्या दशकात करपा रोगाने ती उद्ध्वस्त झाली. आपण हमाटा आणि स्काब्रा मिसळून पेरावी. उघड्या कातळाला हात लावू नये. तेथे आपली कातळशिल्पे आहेत आणि पावसाळ्यातली दुर्मीळ फुलेही. मातीचे तुकडे, बांध, आंबा-काजूच्या नव्या बागांतील मोकळी जागा एवढे पुरे.

खरी अडचण बियाण्याची नाही, माणसांची आहे. भात कापले की गुरे मोकाट सुटतात. माघ-फाल्गुनात कोणीतरी विडी टाकतो आणि सडा पेटतो. एका घराने पेरून काही उगवणार नाही. वाडीने बसून ठरवावे लागेल. दोन गुंठ्यांना कुंपण, भोवती जाळरेषा, एवढ्यापासून आरंभ करा. बियांचे कवच कठीण असते. ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटे बुडवून, सुकवून, मृगाच्या पावसावर फेका. पहिल्या वर्षी गुरे आत सोडू नका, बी गळू द्या. दुसऱ्या वर्षापासून शेणातून उतरलेले बी गायच कुंपणाबाहेर नेऊन रुजवील. म्हणून नको तेथे उगवलेले रोप उपटण्याची तयारीही ठेवा.

आता आपले प्रश्न घेऊ.