उन्हातले जीवनसत्त्व आणि आपले मज्जातंतू



भिवंडीच्या गल्लीतून दिवसा चालत गेलात तर यंत्रमागांचा खडखडाट कानांवर येतो, पण मागावरचा माणूस सहसा दिसत नाही. तो आत असतो, पत्र्याखाली, दिव्याच्या उजेडात, पुष्कळदा बारा बारा तासांच्या पाळीत. रात्रपाळीवाला तर ऊन असते तेव्हा झोपलेला असतो आणि त्याची बायकामुले एका खोलीच्या बिऱ्हाडात असतात. या माणसांच्या अंगाला ऊन लागत नाही, याचा त्यांच्या मज्जातंतूंशी काय संबंध, ते आज आपणांस सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे, भूगोल शिकवणारा मास्तर आहे. पण हा विषय निम्मा सूर्याचा असल्यामुळे थोडी लुडबूड करण्यास हरकत नसावी.

ड जीवनसत्त्व आपले शरीर स्वतःच तयार करते. उन्हातील अतिनील किरण कातडीवर पडले की त्याचा कच्चा माल बनतो, आणि यकृत व मूत्रपिंड यांतून त्यावर संस्कार होऊन तो उपयोगी पडतो. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घेणे हे त्याचे मुख्य काम. ते कमी पडले की मुले मुडदुशी होतात, पाय धनुकलीसारखे वाकतात, हे आपल्या ऐकण्यात आहे. पण हेच कॅल्शियम मज्जातंतूंचा लगाम आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. रक्तातले कॅल्शियम बरेच उतरले की लगाम सुटतो आणि तंतू विनाकारण उसळू लागतात. ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची बोटे आखडून एकत्र येतात. आणि तान्ह्या मुलाला आकडी येते.

इथे जरा थांबतो. मूल डोळे फिरवते, हातपाय झटकते, आणि घरात कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी अंगारा लावतो. आईच्या अंगातच ड जीवनसत्त्व कमी असेल तर मूल ती उणीव घेऊनच जन्माला येते. आईच्या दुधासारखे अन्न नाही, पण या एका जीवनसत्त्वाच्या बाबतीत तेही अपुरे पडते. मग काही आठवड्यांत वा महिन्यांत अशी आकडी येऊ शकते. दवाखान्यात रक्त तपासून शिरेतून कॅल्शियम देतात, आणि आकडी त्या कारणाची असेल तर थांबते. प्रत्येक आकडी याच कारणाची नसते. ताप असेल, मेंदूला सूज असेल. म्हणून आधी दवाखाना गाठावा, कांदा मागाहून भाजीला घालावा. ही उणीव टाळता येते. तान्ह्या मुलाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, असे आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञ सांगतात.

मोठ्या माणसात प्रकार निराळा. हाडे ठणकतात, मांड्यांतले बळ जाते, खाली बसलेल्याला हात टेकल्यावाचून उठवत नाही, बाई बदकासारखी झुलत चालते. लोक वात म्हणतात आणि तेल चोळत बसतात.

ही हकीकत आपल्या मुलखात नवी नाही. भिवंडीवरून जो रस्ता नाशिकला जातो, त्या नाशिककडची एक पाहणी हचिसन आणि शहा यांनी १९२२ साली प्रसिद्ध केली. खातीपिती पण पडदा पाळणारी घराणी, हिंदू तशीच मुसलमान, त्यांच्या मुलांत मुडदूस आढळला. कदान्न खाऊन उन्हात राबणाऱ्यांची पोरे मात्र त्यातून सुटली होती. त्या काळी सावली ही श्रीमंतांची चैन होती. आता ती मागवाल्याच्या वाट्याला आली आहे आणि तिच्याबरोबरचे पौष्टिक ताट काही आलेले नाही.

तर मग ऊन घ्यावे कधी? तान्ह्याला तेल लावून कोवळे ऊन दाखवण्याची आपली रीत मायेची आहे, पण त्या तिरप्या उन्हात कामाचे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, ते ऊन कामाचे. शिक्षकांनी शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी उभी करून पाहावी. २२ डिसेंबरला, म्हणजे सर्वांत लहान दिवशी, भिवंडीत मध्यान्ही तिची सावली सुमारे ९२ सेंटीमीटर भरेल. त्याच दिवशी लंडनात ती जवळजवळ पावणेचार मीटर होते. म्हणजे आपल्याकडे भर हिवाळ्यातही दुपारचे ऊन उपयोगी आहे. अडचण पावसाळ्यातल्या ढगांची आणि छपराची. अकरा ते दोनच्या दरम्यान हातपाय उघडे टाकून थोडा वेळ बसावे, रोज नाही तरी आठवड्यातून काही दिवस. अंग भाजेपर्यंत बसू नये आणि तान्ह्याला या कडक उन्हात ठेवू नये. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. बंद काचेतून आलेले ऊन मात्र जमेस धरू नका, काच ते किरण अडवते. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतूनही थोडे मिळते, आणि कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आहेच.

आता मेंदूच्या मोठ्या दुखण्यांविषयी. मज्जातंतूंवरचे आवरण झडण्याचा एक रोग आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. तो विषुववृत्तापासून दूरच्या, कमी उन्हाच्या देशांत अधिक आढळतो आणि ड जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे एक कारण असावे असे पुष्कळ संशोधक मानतात. विस्मरण, कंपवात, उदासपणा असलेल्यांच्या रक्तातही ते कमी सापडते. पण आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणूनही ते कमी होत असेल! अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. त्यातील अठरा हजारांवर लोकांचे उदासपणाविषयीचे निष्कर्ष २०२० साली आले. रोज गोळी घेणारे आणि न घेणारे यांत फरक दिसला नाही. तेव्हा स्मरणशक्तीची हमी देऊन कोणी या गोळ्या विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

साठ हजार युनिटांची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, अशी ठराविक आठवडे देतात. बरे वाटले म्हणून काहीजण ती रोज घेतात आणि महिनेच्या महिने घेत राहतात. मग रक्तातले कॅल्शियम मर्यादेबाहेर चढते, उलट्या होतात, तहान भागत नाही, मूतखडे होतात आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. म्हणून पुडी किती आठवडे घ्यायची ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि दुकानदाराने पुढची पुडी हातात ठेवली की आधी ती चिठ्ठी पाहावी.