धूर, संपत्ती आणि शिकणारे यंत्र



लखनौच्या हवेविषयी लखनौकरांना मी नवे काय सांगणार? 1965 साली याच शहरात औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. तेथील शास्त्रज्ञ पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर निवासी, व्यापारी व औद्योगिक वस्त्यांतील हवा मोजतात. या मोजमापांचा शहराच्या भरभराटीशी संबंध कसा लावावयाचा, हा आजचा विषय आहे.

1955 साली सायमन कुझनेट्स यांनी असे अनुमान मांडले की, विकासाबरोबर विषमता प्रथम वाढते आणि पुढे घटते. 1991 साली ग्रॉसमन आणि क्रूगर यांना अनेक देशांतील शहरांच्या धुरातही तशीच कमान दिसली. त्यावरून ‘आधी श्रीमंत होऊ, मग स्वच्छ होऊ’ असा सोयीस्कर अर्थ काढण्यात आला. स्वतः त्या दोघांनी मात्र 1995 साली बजावले होते की, हा उतार आपोआप येतो असे मानण्यास आधार नाही.

जुन्या पद्धतीत वक्राचा आकार अभ्यासक बहुधा आधीच ठरवीत असे. यंत्रशिक्षणात तो आकडेवारीतूनच शोधला जातो. लिओ ब्रायमन यांनी 2001 साली मांडलेल्या पद्धतीत शेकडो निर्णयवृक्ष माहितीच्या निरनिराळ्या हिश्शांवरून शिकतात आणि त्यांच्या उत्तरांची सरासरी घेतली जाते. याचा उपयोग मोठा आहे. हिवाळ्यात वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि एकही कारखाना न वाढता धूर वाढतो. हवामानाचा हा वाटा वेगळा काढल्याशिवाय उद्योगाला दोष देता येत नाही, की श्रेयही देता येत नाही.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. रहदारी थांबली, हवा निवळली आणि लोकांची मिळकतही बुडाली. केवळ त्या दिवसांवरून शिकलेले यंत्र म्हणेल की, स्वच्छ हवा हे दारिद्र्याचे लक्षण होय. आकडे खरे, निष्कर्ष मात्र खोटा! दोन गोष्टी बरोबर घडतात एवढेच यंत्र पाहते. एकीमुळे दुसरी घडते काय, हे माणसालाच तपासावे लागते. शिवाय ज्या वस्तीत मापनकेंद्र नाही, तिच्याविषयीचे यंत्राचे उत्तर इतर वस्त्यांवरून बांधलेला अंदाजच असतो.

सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा भारताने 2009 साली घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम ठरविली; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती 5 सुचविली. यांपैकी कोणत्या मर्यादेकडे आणि किती वेगाने जावयाचे, हा निर्णय कोणतेही यंत्र घेणार नाही. तो आपणच घ्यावयाचा आहे, आणि वक्र कधी वळतो याची वाट न पाहता घ्यावयाचा आहे.