शयनयानातील संघटना

अमेरिकेत पुलमन कंपनीच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय पोर्टरांना प्रवाशांच्या लेखी स्वतःचे नावच नसे. कंपनीच्या संस्थापकावरून प्रत्येकाला ‘जॉर्ज’ अशी हाक! नाव हिरावण्यापरते दुसरे दास्य कोणते? १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली; कंपनीशी करार व्हावयास १९३७ उजाडले. वेतन वाढले, परंतु त्याहून मोलाची ठरली ती अंगी बाणलेली शिस्त. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्यांना जामिनावर सोडवावयास धावलेले ई. डी. निक्सन याच संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. पहाटेच त्यांनी धर्मोपदेशकांना एकामागून एक दूरध्वनी करून बसबहिष्कारासाठी साद घातली, आणि मग ते आपल्या गाडीवर कामास रुजू झाले.