शून्य बिल आणि 200 युनिटे



1905 साली शिवनसमुद्राच्या विजेने आपल्या बेंगळुरूचे रस्ते उजळले. आज गृहज्योती योजनेमुळे कित्येक घरांचे वीजबिल शून्य येते. मग दिव्यांची काटकसर कशाला, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु महिन्याचा वापर 200 युनिटांपलीकडे गेला, की संपूर्ण बिल भरावे लागते. 60 वॉटचा जुना बल्ब रोज 5 तास तेवत राहिला, तर महिन्याला 9 युनिटे लागतात. 9 वॉटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. असे चार दिवे बदलले, की 30 युनिटे वाचतात. उन्हाळ्यात पंखे अहोरात्र फिरू लागले, की तेवढ्यावरच शून्य बिल टिकते. अभ्यासाच्या मेजावर मात्र काटकसर नको. तेथला दिवा खोक्यावरील ल्युमेनचा आकडा पाहूनच घ्यावा.