कलावंत, कीर्ती आणि औषधांची बाटली



२६ जून हा अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन. या निमित्ताने भरणाऱ्या सभांतून गांजा, गर्द आणि चोरटा व्यापार यांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज काही अमेरिकन गायक-नटांच्या आयुष्यांविषयी बोलण्याची परवानगी मागणार आहे. त्यांचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. संबंध आहे. मायकल जॅक्सन १९९६ च्या नोव्हेंबरात मुंबईला अंधेरीच्या क्रीडासंकुलात गाऊन गेला, आणि त्याच्या धर्तीवर नाचणारी मुले आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आजही दिसतात. दुसरे असे की, सामान्य माणसाचे व्यसन घरातल्या घरात झाकले जाते, त्याची कोठे नोंद उरत नाही. या मंडळींचे तसे झाले नाही. त्यांना कोणी काय दिले, किती दिले आणि का दिले, हे चौकशी मंडळांच्या आणि न्यायालयांच्या कागदपत्रांत नोंदले गेले आहे. ते वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, तीच आज मांडावयाची आहे. यांतील पुष्कळांना व्यसन लागले ते कामाच्या पायी. आणि ते वाढत गेले, कारण त्यांना ‘नाही’ म्हणू शकणारा प्रत्येक माणूस त्यांच्याच मिळकतीवर जगत होता.

आरंभ एका तेरा वर्षांच्या मुलीपासून करतो. मिनेसोटा राज्यातील ग्रँड रॅपिड्स या लहानशा गावी १९२२ साली जन्मलेली फ्रान्सिस गम ही मुलगी अडीच वर्षांची असतानाच वडिलांच्या नाट्यगृहात गाऊ लागली. १९३५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य चित्रपटसंस्थेने तिला करारबद्ध केले. जग तिला ज्यूडी गारलँड या नावाने ओळखते. करार झाला त्याच वर्षी वडील वारले. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये नट-नट्या संस्थेच्या पगारी नोकर असत. काय खावे, वजन किती असावे, कोणाबरोबर हिंडावे, हे संस्था ठरवी. ज्यूडीला बारीक राहण्यासाठी सूप आणि सिगारेट यांवर ठेवले जाई. भूक मारणाऱ्या आणि तरतरी आणणाऱ्या ॲम्फेटामिनच्या गोळ्या दिल्या की मुलगी न थकता काम करी. मग रात्री झोप येईना, म्हणून बार्बिट्युरेटच्या गोळ्या. तिनेच पुढे सांगून ठेवले आहे की, स्टुडिओच्या दवाखान्यात झोपेची गोळी देऊन निजवीत, चार तासांनी उठवीत आणि पुन्हा चेतना देणारी गोळी देऊन कॅमेऱ्यापुढे उभे करीत. तिचा सहकलाकार मिकी रूनी याने मात्र, स्टुडिओने गोळ्या दिल्या हे साफ नाकारले, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्या काळी ही औषधे कोणाला भयंकर वाटतच नव्हती. डॉक्टर ती लठ्ठपणावर सर्रास लिहून देत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनाही ती वाटली गेली. कोणी दुष्टपणा केला असे म्हणण्यापेक्षा, चित्रीकरणाचे वेळापत्रक पाळले गेले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

१९३९ साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ पडद्यावर आला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढील अकरा वर्षे तिने संस्थेला अमाप पैसा मिळवून दिला. मग ती कामावर येईनाशी झाली, आजारी पडू लागली, आणि १९५० मध्ये करार संपुष्टात आला. ज्या वयात आपल्याकडे शिक्षक नोकरीत कायम होतो, त्या अठ्ठाविसाव्या वर्षी ही बाई कामातून गेलेली ठरली होती. गुण गेला नव्हता. १९६१ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती जे गायली त्याची ध्वनिमुद्रिका त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट ठरली. पण शेवटच्या वर्षांत आयकराची थकबाकी डोक्यावर होती आणि थांबणे परवडत नव्हते. २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने तिचा अंत झाला. आत्महत्येचा हेतू दिसत नाही, सवयीचे औषध बेसावधपणे जास्त घेतले गेले, असा निष्कर्ष तेथील मृत्युसमीक्षकांनी काढला. वय ४७.

एल्विस प्रेस्ले याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात प्रशासनाच्या दृष्टीने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २१ डिसेंबर १९७० रोजी हा लोकप्रिय गायक वॉशिंग्टनला अध्यक्ष निक्सन यांच्या भेटीला गेला. विमानात बसून त्याने स्वहस्ते पत्र लिहिले होते. तरुण पिढी अमली पदार्थांनी बिघडत आहे, तिला वाचवण्यासाठी मला सरकारी प्रतिनिधी नेमा आणि अमली पदार्थ खात्याचा बिल्ला द्या, अशी त्याची मागणी होती. बिल्ला मिळाला, छायाचित्रही निघाले. ढोंग म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा हा प्रसंग वाटतो, पण मला तसे वाटत नाही. एल्विस स्वतः तेव्हा गोळ्यांच्या आहारी गेलेला होता आणि तरीही तो मनापासून बोलत असावा. त्याच्या लेखी अमली पदार्थ म्हणजे रस्त्यावर चोरून विकला जाणारा माल. आपण घेतो ते औषध. डॉक्टरांनी लिहून दिलेले, दुकानदाराने चिठ्ठी लावून दिलेले.

१९६९ ते १९७७ या काळात त्याने हजाराहून अधिक कार्यक्रम केले. त्याच्या मिळकतीतील मोठा हिस्सा व्यवस्थापक घेई, आणि बापापासून अंगरक्षकांपर्यंत सारा गोतावळा त्याच्याच पगारावर. त्याचे डॉक्टर जॉर्ज निकोपोलस यांनीही त्याच्याकडून मोठी रक्कम कर्जाऊ घेतली होती. १६ ऑगस्ट १९७७ रोजी, नव्या दौऱ्यावर निघण्याच्याच दिवशी, मेम्फिस येथील घरी तो मृतावस्थेत सापडला. वय ४२. मृत्यूचे अधिकृत कारण हृदयक्रियेतील बिघाड असे नोंदले गेले. शरीरात अनेक औषधांचे अंश आढळले, आणि त्यांचा वाटा किती, यावर पुढे बराच वाद झाला. वादातीत गोष्ट एवढीच की, १९७७ च्या पहिल्या आठ महिन्यांत त्या एका डॉक्टरने एल्विसच्या नावे दहा हजारांहून अधिक मात्रा लिहून दिल्या होत्या. डॉक्टरांचे म्हणणे असे की, मी दिल्या नसत्या तर त्याने दुसरीकडून आणल्या असत्या. निदान माझ्या हातून त्या मोजून जात होत्या. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. १९८० मध्ये टेनेसीच्या वैद्यक मंडळाने त्यांचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला; १९८१ मध्ये फौजदारी खटल्यातून ते निर्दोष सुटले; परवाना कायमचा गेला तो १९९५ साली, अन्य रुग्णांना अशीच औषधे दिल्याच्या प्रकरणी. पहिल्या शिक्षेपासून तेथवर पंधरा वर्षे लागली.

यानंतर मायकल जॅक्सन. १९८४ च्या जानेवारीत एका जाहिरातीच्या चित्रीकरणात त्याचे डोके भाजले, वेदनाशामके सुरू झाली. १९९३ मध्ये दौरा अर्धवट सोडून, आपण या औषधांच्या आहारी गेलो आहोत, हे त्याने स्वतःच जाहीर केले. २००९ साली लंडनमध्ये पन्नास कार्यक्रम ठरले. झोप लागावी म्हणून त्याच्या खासगी डॉक्टरने त्याला राहत्या घरी, निजण्याच्या खोलीत, प्रोपोफॉल देण्यास सुरुवात केली. प्रोपोफॉल हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यावयाचे औषध आहे. या डॉक्टरचे वेतन दरमहा दीड लाख डॉलर ठरले होते. २५ जून २००९ रोजी जॅक्सन मरण पावला. २०११ मध्ये डॉक्टर सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीवर वारसांनी दावा लावला, तेव्हा २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले. डॉक्टरला नेमले कोणी आणि तो जबाबदार कोणाला, हा प्रश्न त्या खटल्यात महिनोन् महिने चर्चिला गेला.

आता एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे, कारण तो शाळा-महाविद्यालयांतून हटकून भेटतो. नशेशिवाय मोठी कला होत नाही, असे मुलांना वाटते. जॅझ संगीतातील थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या काळात या समजुतीने केवढे नुकसान केले! किशोरवयात मोटार अपघातानंतर पार्करला मॉर्फिन दिले गेले आणि पुढे तो हेरॉइनमध्ये रुतला. त्याच्यासारखे वाजवता यावे म्हणून कितीतरी तरुण वादकांनी सुई टोचून घेतली. वादन त्याचे, पण उचलले ते व्यसन. १९५५ मध्ये पार्कर मरण पावला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशी उलटलेला वाटला. तो ३४ वर्षांचा होता.

त्याच पिढीतील गायिका बिली हॉलिडे हिला १९४७ मध्ये कारावास झाला. दहा महिन्यांनी सुटून आल्यावर कार्नेगी हॉल श्रोत्यांनी ओसंडून वाहिला. मात्र जेथे मद्य विकले जाई अशा ठिकाणी गाण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांचे ओळखपत्र लागे, ते तिला पुन्हा मिळाले नाही. म्हणजे शिक्षा भोगून झाल्यावरही उपजीविकेचे साधन गेले ते गेलेच. १९५९ साली ती रुग्णालयात मृत्युशय्येवर असताना तिला तेथेच अटक झाली आणि खोलीच्या दाराशी पहारा बसला. बँकेतील तिची शिल्लक सत्तर सेंट होती. ओळखपत्राची ती पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली. एकीकडे एल्विसला बिल्ला आणि दुसरीकडे या कृष्णवर्णीय बाईच्या खाटेशी पोलीस, हा फरक आपण विसरू नये.

आपल्याकडील कायद्याने या बाबतीत थोडी वेगळी वाट ठेवली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४ अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास तयार असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. हे कलम सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे, कारण घरची माणसे पोलिसांच्या भीतीनेच मुलाला लपवतात. झोपेची व वेदनाशामक अशी कित्येक औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आली आहेत. ती विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि मात्रा नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ती वही उघडून पाहणारा कोणी असेल तरच तिचा उपयोग. आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. लोकांना हसवून मिळवलेला पैसा या कामी आला, ही गोष्ट आजच्या विषयात मला आवर्जून सांगावीशी वाटते.

यातून कोणी परत येतो का, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. येतो. सनी रॉलिन्स हा तरुण सॅक्सोफोनवादक पार्करला गुरुस्थानी मानी. १९५३ च्या जानेवारीत एका ध्वनिमुद्रणाला दोघे एकत्र होते, आणि रॉलिन्सने आपण व्यसन सोडल्याचे पार्करला खोटेच सांगितले. खरे कळल्यावर पार्करच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसले ते रॉलिन्सला विसरता आले नाही. स्वतःला न सुटलेला हा मनुष्य दुसऱ्यासाठी हळहळला. रॉलिन्स केंटकीतील लेक्सिंग्टन येथील सरकारी व्यसनोपचार रुग्णालयात दाखल झाला. बरा होऊन ही वार्ता पार्करला सांगावी, अशी त्याची इच्छा होती. परंतु तोवर पार्कर गेला होता. पुढे रॉलिन्स शिकागोत राहिला. लगेच रंगमंचावर न जाता त्याने तेथे झाडलोटीची आणि अंगमेहनतीची कामे केली. १९५५ अखेर तो मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राऊन यांच्या वाद्यवृंदात रुजू झाला. ब्राऊन हा कोणत्याही नशेला न शिवणारा आणि तरीही अव्वल दर्जाचा तुतारीवादक होता, आणि रॉलिन्स त्याच्या शेजारी उभा राहून रोज रात्री वाजवू लागला.