पाहणाऱ्याचे मौन
(महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महोत्सवप्रसंगी गतवर्षांचे गुणगान करावे, अशी रीत आहे. ते काम आमच्याहून योग्य वक्त्यांनी केलेच आहे. आम्ही आपणांपुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवितो. चारचौघांत कोणाची जात, वाडी अथवा वस्त्रे पाहून त्याचा पाणउतारा होत असेल, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाने बोलावे की नाही?

प्रश्न पुस्तकी नव्हे. उन्हाळ्यात शहापूरहून मुरबाडकडे जाताना आमच्या गाडीत एक कातकरी म्हातारी करवंदांची पाटी घेऊन चढली. एका सभ्य गृहस्थाशेजारी जागा रिकामी होती. त्याने तीवर आपली पिशवी ठेविली आणि खाली बोट दाखविले. म्हातारी निमूटपणे खाली बसली. जणू तिला दुसरे काही अपेक्षितच नव्हते. गाडी माणसांनी भरलेली होती. कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, आणि आमच्या खिशात जपमाळ होती! पुढील रविवारी मिस्साच्या आरंभी, जे करावयाचे ते न केल्याची कबुली देताना, शब्द घशात अडकले.

आपल्या मौनास सबबी पुष्कळ सापडतात. त्यांतील बहुतेक भित्रेपणाच्या आहेत; त्यांचा विचार करण्यात वेळ दवडीत नाही. एक मात्र खरोखर वजनदार आहे. आम्ही बोलून पुढच्या थांब्यावर उतरून जाऊ. त्या म्हातारीस मात्र ह्याच मुलखात राहावयाचे आहे. तो गृहस्थ कदाचित तिच्या मुलास वीटभट्टीची उचल देणारा असेल. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली खरी. परंतु उचलीचे ओझे डोक्यावर असलेल्या माणसास कायद्याचे कलम ठाऊक नसते, मालकाचा चेहरा ठाऊक असतो. आमच्या शौर्याची किंमत तिने का द्यावी?

म्हणून आम्हांस असे वाटते की, प्रथम बोलावयाचे ते अपमान करणाऱ्याशी नव्हे, तर ज्याचा अपमान झाला त्याच्याशी. “आजी, इकडे बसा,” असे म्हणून आपली जागा सोडावयास कोणत्या वक्तृत्वाची गरज होती? पुढे भांडावे की न भांडावे, हे तिच्या इच्छेने ठरावे.

जेथे अधिकारी मंडळी बसलेली असतात तेथे मात्र उघड बोललेच पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील निकदेम आठवा. त्याने प्रवचन केले नाही. माणसाचे म्हणणे न ऐकता त्यास दोषी ठरविणे नियमात बसते काय, एवढाच प्रश्न त्याने आपल्याच सहकाऱ्यांस केला. उत्तरादाखल त्याची थट्टा झाली. त्या प्रश्नाने प्रभूचा क्रूस टळला नाही. परंतु पुढे दफनासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन येणाऱ्यांत तोच निकदेम दिसतो.

आपल्या कोकणातील महाडचे उदाहरण ह्याच जातीचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा रावबहादूर बोले ह्यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे कागदोपत्री खुले केले. तरी पाण्यास हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर स्वतः चालत गेले तेव्हा. त्या लढ्यात त्यांच्यासोबत सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधरपंत सहस्रबुद्धे हे सवर्ण गृहस्थ उभे होते. त्यांस कोणीही तळ्यावरून हाकलीत नव्हते. घरी बसते तर त्यांचे काही बिघडत नव्हते. परंतु तळे मिळविले त्यांनी, असे कोणी म्हणू नये. ते सोबत राहिले, पुढारी झाले नाहीत. हाच त्यांचा मोठेपणा.

आज १७ वे कलम आहे, १९५५ चा व १९८९ चा कायदा आहे. गाडीतील रिकाम्या जागेवर ठेविलेली पिशवी कोणता शिपाई उचलणार? मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळ्यांस बळी पडले. त्या दिवशी तेथे फुले वाहावयास आपला मुलूख लोटतो. गोळीपुढे उभे राहणाऱ्यांस आपण वंदन करितो, आणि शेजारच्या प्रवाशाच्या कपाळावरील आठीस भितो.

आता घरचे बोलू. कारण बाहेर बोलण्याचा अधिकार घरूनच मिळतो. ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे, हे भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ साली आपल्या दलितविषयक धोरणात मान्य केले. त्यांनी मान्य केले ते आपण नाकारावे काय? वाडीवरील कुटुंबे मिस्सास येतात ती कोणत्या बाकावर बसतात, हे आपण सर्व जाणतो. त्यांस तेथे बसा असे कोणी सांगितलेले नाही. पुढे या, असेही कोणी म्हटलेले नाही.

महोत्सवाच्या भोजनाची व्यवस्था अजून ठरावयाची आहे. वाडीवरील मंडळींची पंगत मागाहून, मंडपाच्या मागील बाजूस बसवावी, अशी एक सूचना आमच्या कानी आली आहे; सोयीसाठी, असे कारण दिले जाते. व्यवस्था मंडळाची सभा शुक्रवारी सायंकाळी आहे. कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आम्ही तेथे विचारणार आहो. त्यापूर्वी उद्या सकाळी वाडीवर जाऊन, त्यांची इच्छा काय आहे हेही विचारून येऊ. ज्यांस आमच्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी पहिल्या मिस्सानंतर देवळाच्या पायरीपाशी थांबावे.